युद्धातला साठ तासांचा आठवडा

मित्रहो, युक्रेन म्हटलं की आपल्यासमोर रणगाडे, ड्रोन आणि नकाशेच येतात. मला आज तिथल्या पगारदार माणसाबद्दल बोलायचं आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने पूर्ण ताकदीनिशी चढाई केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने, म्हणजे आयएलओने, मे महिन्यात अंदाज दिला की ४८ लाख रोजगार गेले. युद्धाआधीच्या रोजगाराच्या जवळपास ३० टक्के. पुढे काही भागांत कामं सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये हा अंदाज २४ लाखांवर आला. मारियुपोलच्या पोलाद कारखान्यांतल्या हजारो कामगारांना मात्र परत जायला कारखानाच उरला नाही.

चढाईला तीन आठवडे होतात न होतात तोच संसदेने युद्धकाळासाठी कामगार कायदा केला. आठवड्याला ६० तासांपर्यंत काम घ्यायला परवानगी मिळाली. नंतर ती अत्यावश्यक सेवांपुरती ठेवली. वीजतारा जोडणारे, रेल्वे चालवणारे लोक बाँबहल्ल्यांत काम करत होते, कित्येक कामावर असताना मारले गेले. त्यांचे जादा तास मी समजू शकतो. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. मालक आणि कामगार यांच्यातला करार ‘स्थगित’ करता येतो. कामगाराला काढलेलं नसतं आणि पगारही नसतो. मग त्याची भरपाई कोणी करायची? कायदा म्हणतो, आक्रमण करणाऱ्या देशाने. म्हणजे खारकीव्हच्या कामगाराने घरभाड्यासाठी मॉस्कोकडे बघायचं! न्याय म्हणून हे बरोबर असेल, पण महिनाअखेरीला त्याने चूल पेटत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये आणखी एक कायदा आला. २५० पर्यंत कामगार असलेल्या आस्थापनांत कामाच्या अटी, कामावरून काढण्याची कारणंसुद्धा, मालक आणि एकटा कामगार आपसांत ठरवू शकतात. युक्रेनच्या कामगार संघटनांनी विरोध केला, आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कामगार महासंघांनीही केला. बेकारी पसरलेल्या देशात एकटा माणूस मालकाशी काय घासाघीस करणार? हा कायदाही युद्धकाळापुरताच आहे, असं सांगितलं जातं. मला चिंता वाटते ती इथेच, आणि तिला आपलाच इतिहास कारण आहे.

आयएलओची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनला भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे होते. कारखान्यांसाठी ४८ तासांचा आठवडा ठरला, पण ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळं कलम घातलं: ६० तास. १९२२ मध्ये ते आपल्या कारखाने कायद्यात आलं. गिरणगावातल्या माणसाला ४८ तासांसाठी १९४६ उजाडावं लागलं, तेही डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना. अपवाद म्हणून घातलेल्या आकड्याचे ४८ व्हायला २७ वर्षं गेली. म्हणून मी म्हणतो, युद्धासाठी सवलत द्यायची तर ती कधी संपणार हे त्याच कागदावर लिहून घ्या.

हे लिहून घेण्याची ताकद मदत देणाऱ्यांकडे आहे. युरोपीय संघाने २०२४ ते २०२७ साठी ५० अब्ज युरोंची तरतूद केली. आयएलओची २०५ क्रमांकाची शिफारस २०१७ ची आहे. युद्धातून सावरणाऱ्या देशात रोजगारासोबत सामाजिक सुरक्षा, कामगार निरीक्षण आणि संघटनांशी सल्लामसलत हवी, असं ती सांगते. शिफारस बंधनकारक नसते. पैशाला जोडलेली अट असते.

एक काम जवळून बघा. ‘पुनर्उभारणीची सेना’ नावाच्या सरकारी योजनेत रोजगार केंद्रात नोंद असलेल्या बेकारांना सार्वजनिक कामं मिळतात, पडलेल्या इमारतींचा राडारोडा उचलणं हे त्यातलं एक. रोजगार मिळतो, हातात पैसे येतात, चांगलंच आहे. पण युक्रेनच्या जुन्या घरांवर लाटांसारखे पत्रे असतात, आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांसारखेच, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक असं तंतुमय खनिज, असतं. तोफगोळ्याने पत्रा फुटला की त्याचे तंतू धुळीत मिसळतात. फावड्याने ढीग ओढणाऱ्याच्या नाकाला रुमाल असला तरी हे तंतू त्याने अडत नाहीत. योग्य मास्क लागतो, ढिगावर पाणी मारावं लागतं, पत्रे वेगळे बांधून न्यावे लागतात. आजार वीस-तीस वर्षांनी कळतो. तेव्हा ना तो ठेकेदार सापडणार, ना ती योजना. हे सगळं जागेवर तपासायला कामगार निरीक्षक हवा, आणि मार्च २०२२ मध्ये नियमित तपासण्याच थांबवण्यात आल्या.

माझं मागणं त्यामुळे अगदी साधं आहे. बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक कामाच्या करारात पगार, विमा, मास्क आणि निरीक्षकाला प्रवेश ही कलमं हवीत. जून २०२४ पासून युक्रेनच्या युरोपीय संघातल्या सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू झाल्या आहेत. त्यात सामाजिक धोरण आणि रोजगाराचं प्रकरण एकोणिसावं आहे. नव्या कामगार संहितेचा मसुदाही तिथे चर्चेत आहे. दोन्ही टेबलांवर युक्रेनच्या कामगार संघटनांना खुर्ची मिळायला हवी, आणि ती मसुदा पक्का होण्याआधी मिळायला हवी.