चित्राखालची ओळ

कलेमुळे मुलं वर्गात रमतात, याबद्दल वाद नाही. पण रमणं वेगळं आणि वाचायला येणं वेगळं. तासभर रंगकाम झालं आणि कागदावर एकही शब्द उमटला नाही, तर तो फक्त चित्रकलेचा तास झाला. म्हणून 40 मिनिटांच्या तासात चित्राला 15 मिनिटं पुरेत, तीही एकाच खडूने. रंगपेटी हातात आली की मूल आकाशच भरत बसतं.

चित्र झालं की विचारा, "यात काय चाललंय?" मूल जे बोलेल ते त्याच्या देखत, मोठ्या अक्षरात चित्राखाली लिहा. बोलीत बोललं तर बोलीतच. इथे शिक्षकांचा हात शिवशिवतो आणि 'व्हता'चं 'होता' होतं. मग मूल वाचताना 'व्हता'च म्हणतं आणि अक्षराचा आवाजाशी मेळ बसत नाही. प्रमाणभाषा नंतर येईल. घरी पुस्तकच नसलेल्या मुलाला आधी हे उमगायला हवं की आपलं बोलणं लिहिता येतं.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. तेच वाक्य कागदाच्या पट्टीवर उतरवा, शब्द सुटे कापा, मिसळा आणि मुलाला पुन्हा लावू द्या. पाठ झालेलं वाक्य मूल कागदाकडे न बघता घडाघडा म्हणतं आणि आपण फसतो. मधलाच शब्द उचलून विचारला की खरं काय ते कळतं. गाणं वाचायला दिलं तर हा धोका जास्त, कारण डोळे शब्दावर पोचायच्या आत चाल पुढे पळते.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर प्रत्येक मुलाला त्याने मागितलेला शब्द कार्डावर लिहून देत. मुलाला तो नंतर ओळखता आला नाही, तर कार्ड बाद. दोष शब्दाचा, मुलाचा नाही! ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी हमखास अडते. 'दि'मध्ये ती लिहायची आधी, ऐकू येते नंतर. दोन मुलांच्या हातात 'द' आणि वेलांटीची कार्डं द्या. वेलांटीवाला आधी उभा राहील, पण आवाज नंतर काढेल. मात्र 'आधी' म्हणजे बघणाऱ्यांच्या डावीकडे. उभ्या मुलांच्या डावीकडे ठेवलात तर सगळं उलटं दिसेल.

नाटुकलं करताना संवाद पाठ करून घेऊ नका. संहिता प्रत्येकाच्या हातात हवी. तालमीच्या निमित्ताने तोच मजकूर चार-पाच वेळा कंटाळा न येता वाचला जातो, नाटकाचा खरा फायदा तो. भूमिका दर तालमीला बदला. नाहीतर चांगलं वाचणाऱ्याला राजाचे संवाद मिळतात आणि अडखळणारा कायम झाड होऊन उभा राहतो. त्या झाडालाही दोन ओळी लिहून द्या, छोट्या शब्दांच्या, आणि पहिल्याच प्रवेशात.