खेळणं उलटं करून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्याकडे पत्र्याची, चावीची एक छोटी मोटार आहे. गौरीपुढच्या आराशीत ती मांडायची आणि विसर्जन झालं की जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून परत ट्रंकेत ठेवायची. पोरांनी हात लावला की ओरडा ठरलेला, कारण ‘ती पणजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणली आहे’. पणजोबा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होते, हे खरं. पण ही मोटार म्हणजे जीप आहे! आणि जीप जगात आली ती दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१च्या सुमारास. तीन पिढ्या तिच्याकडे बघत होत्या आणि हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

म्हणून घरातल्या जुन्या खेळण्याचं वय काढायचं तर पहिलं काम हेच. गोष्ट बाजूला ठेवायची आणि वस्तू हातात घ्यायची. दुसरं काम, ती उलटी करायची.

आमच्या जिपेच्या पोटाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं आहे, म्हणजे ताब्यात गेलेल्या जपानमध्ये बनवलेली. १९४५मध्ये जपान शरण आला, देश अमेरिकनांच्या ताब्यात गेला. १९४७पासून तिथला माल पुन्हा बाहेर जाऊ लागला, तेव्हा त्यावर हे शब्द येऊ लागले. एप्रिल १९५२मध्ये तो ताबा संपला. म्हणजे आमची जीप त्या पाच वर्षांतली. एवढ्याशा शिक्क्याने केवढं काम केलं बघा.

त्यातही जीपच का, याचीही एक गोष्ट आहे. बिवा सरोवराच्या काठी ओत्सू नावाचं गाव आहे. तिथे कोसुगे नावाच्या कारागिराने १९४५च्या अखेरीस अमेरिकन फौजेने फेकलेले डबे गोळा केले, ठोकून सरळ केले आणि त्यांच्या छोट्या जिपा केल्या. त्या क्योतोच्या मोठ्या दुकानात विकायला आल्या आणि हातोहात खपल्या. ज्या फौजेने देश जिंकला, तिच्याच गाड्या, तिच्याच डब्यांच्या पत्र्यातून! त्या काळातल्या जपानी खेळण्याच्या आत टॉर्च मारून बघावं, कधीकधी डब्यावरची जुनी छपाई दिसते. आमच्या जिपेत नुसता कोरा पत्रा आहे. थोडा हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू.

तुमच्याकडचं खेळणं याहून जुनं असेल तर बहुधा जर्मन निघेल. ब्रिटिशांनी १८८७मध्ये कायदा केला की परदेशी मालावर देशाचं नाव हवं. हेतू जर्मन माल ओळखू यावा आणि लोकांनी तो टाळावा, असा. झालं उलटंच, ‘मेड इन जर्मनी’ बघून लोक माल घेऊ लागले. न्यूरेंबर्गच्या बिंग बंधूंचा शिक्का ‘जी बी एन’, ब्रँडेनबर्गच्या लेमान यांचा ‘ई पी एल’. ‘डी आर जी एम’ अशी चार अक्षरं दिसली तर ती जर्मन नोंदणीची खूण. ही नोंदणी १८९१मध्ये सुरू झाली, तेव्हा वस्तू त्याआधीची असूच शकत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद पडला आणि ती जागा जपान्यांनी भरली.

शिक्का पुसला गेला असेल तर सांधे बघा. डाग देऊन जोडलेला आणि हाताने रंगवलेला पत्रा साधारणपणे जुना. सपाट पत्र्यावर आधी छपाई, मग कापून, वळवून, जिभा खाचेत अडकवलेल्या असतील तर काम नंतरचं, कारखान्यातलं.

लाकडी खेळण्यावर शिक्का क्वचितच सापडतो. तिथे वजन आणि रंग बोलतात. सावंतवाडीच्या चितार आळीतलं काम पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं, वर ब्रशने रंगवलेलं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचं खेळणं चरकावर, म्हणजे लेथवर फिरवत त्यावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाने लाख वितळते, म्हणून त्याचे रंग गोल पट्ट्यांत बसलेले आणि तकाकी वेगळी.

आता पणजोबांचं काय? आत्या अजूनही ऐकत नाही. माझ्या मते गोष्ट खरी आहे, फक्त ती मोटारीची नाही, ट्रंकेची आहे. काळी, लष्करी बांधणीची ट्रंक, झाकणावर पणजोबांच्या पलटणीचा नंबर रंगवलेला. पुढे कुणीतरी मुंबईहून जीप आणली, ती त्या ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेचा इतिहास जिपेला चिकटला. घराघरांत असं होतं. तेव्हा वस्तूबरोबर ती कशात ठेवली होती, कोणत्या कागदात गुंडाळली होती, तेही तपासा. तो कागद जुन्या वर्तमानपत्राचा असेल तर त्यावर तारीखच मिळेल.

आणि एक विनंती. साबणाने धुऊ नका, नवा रंग देऊ नका, चावी जोर लावून फिरवू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तान्ह्या मुलांच्या तोंडात ते जाऊ देऊ नका. आराशीत जुनी, हलकी, पातळ कवचाची बाहुली मांडत असाल तर ती सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लॅस्टिकची असू शकते. सेल्युलॉइड भराभर पेटतं. तिला समईपासून आणि निरांजनापासून चांगलं हातभर लांब बसवा.

नमस्कार.