वळीवर वळी

ब्रशला सरावलेले हात मातीत आले की आधी पाण्याच्या वाडग्याकडे जातात. वाडगा लांब ठेवा. चाकावर पाणी लागतंच. चाकाशिवाय, वळ्या म्हणजे मातीच्या लाटलेल्या दोऱ्या एकावर एक रचून भांडं घडवताना जास्तीच्या पाण्याने भिंत ढिली पडते आणि बसते. बोटं ओलसर असली की पुरे.

माती मळायची. पुढे दाबायची, उचलून वळवायची, पुन्हा दाबायची. तारेने गोळा कापला की कळतं: कापात भोकं दिसली तर मळणं बाकी आहे. भांडं भट्टीत हवेच्या बुडबुड्याने फुटतं, असं सर्रास सांगतात. फोडते ती बहुतेक वेळा आत उरलेल्या पाण्याची वाफ.

तळाला 8 मिलिमीटरची चकती. लाटताना दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की जाडी चुकत नाही.

आता वळी. बोटं पसरून, मधून कडेकडे, बोटाएवढी जाड. चपटी झाली तर पाव वळसा द्यायचा आणि पुढे लाटायचं. वाकवताना वरून चिरा पडल्या तर माती सुकलीय; ती वळी बाजूला.

सांधा जवळून बघा. तळाची कड आणि वळी, दोन्हींवर सुईने आडव्या-उभ्या रेघा. वर स्लिप, म्हणजे त्याच मातीचा घट्ट लगदा. वळी बसवून किंचित हलवायची, ती हलेनाशी होईपर्यंत. मग अंगठ्याने वरची माती खालच्या वळीवर ओढायची, आतून सगळीकडे. बाहेरच्या रेघा हव्या तर राहू द्या. आतून मात्र सांधा दिसता कामा नये.

तीन-चार वळ्या झाल्या की थांबायचं. नवख्याला हेच जमत नाही. खालचा भाग थोडा सुकून वजन पेलण्याइतका आवळायला हवा, नाहीतर पोट सुटतं. तोवर काठावर ओलं फडकं. काठ सुकला तर पुढची वळी धरत नाही.

कान शेवटी. भांडं आणि कान सारखेच आवळलेले असताना, नखाची खूण उमटते पण आकार दबत नाही, तेव्हा जोडायचा.

वाळवण प्लास्टिकखाली, आठवडाभर. भांडं गालाला गार लागलं तर आत पाणी आहे. भट्टी 100 अंशांपर्यंत अगदी सावकाश, 573 च्या आसपास पुन्हा जपून, पुढे 1000 च्या जवळपास.

भट्टी उघडली. कानाच्या मुळाशी केसाएवढा तडा. जोडताना कान ओला होता, भांडं नव्हतं.