आकडा नाचला तर नाचू द्या
(तालुक्याच्या आयटीआयमध्ये विद्यार्थी आणि गावकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

नमस्कार. प्राचार्यांनी मला विषय दिला, ‘ओलावा सेन्सरची टायमिंग सेटिंग’. फळ्यावर तो लिहिला तेव्हाच मागच्या बाकावरची दोन पोरं पाणी प्यायला गेली. हरकत नाही, पाण्याचाच विषय आहे.

ओलावा म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायचं? सोयाबीन १२ टक्क्यांच्या वर गेलं की भाव पडतो. २०२४ साली केंद्राने हमीभावाच्या खरेदीत १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली, तेव्हा अर्ध्या गावाला टक्केवारी पाठ झाली. कापसाचं ८ ते १२चं गणित तर शाळेत न गेलेला माणूसही सांगतो. पण बाजारातला ओलावा मीटर वाटीत मूठभर दाणे घेऊन मोजतो. कारखान्यात माल थांबत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आता माझीच फजिती सांगतो. एका सोयाबीन प्लांटात मी इन्स्ट्रुमेंटचं काम पाहायचो. नाव सांगत नाही, शेठ अजून ओळखतात. ड्रायरमध्ये माल जातो त्या तोंडावरच्या च्यूटमध्ये, म्हणजे घसरणीच्या नळीत, मायक्रोवेव्ह सेन्सर बसवलेला. डायलेक्ट्रिक स्थिरांक म्हणजे पदार्थ विजेच्या क्षेत्राला किती दाद देतो त्याचा आकडा. पाण्याचा ८०च्या आसपास, कोरड्या दाण्याचा अगदी थोडा, हवेचा १. या फरकावरच त्याचा सगळा धंदा. म्हणजे समोर दाणा नसेल तर तो काय सांगणार? ‘एकदम कोरडं!’ बिचारा खोटं बोलत नाही, समोर हवा आहे हे त्याला कळत नाही इतकंच.

हंगामाचा पहिला आठवडा. पॅनलवर आकडा १८, लगेच शून्य, परत १८. शेठ कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, “भाऊ, हे कायले नाचून राह्यलं? मशीन बिघडली का?” तेव्हा मी तरुण होतो, शेठला खूश करायची घाई होती. स्मूदिंग म्हणजे सरासरी काढून आकडा संथ करणं. त्याचा काळ २ सेकंदांवरून उचलला तो थेट १००वर नेला. झालं! आकडा साडेनऊ ते साडेबाराच्या मध्ये पाळण्यासारखा डुलायला लागला. शेठनी चहा पाजला. (त्या चहाचे पैसे पुढे पगारातून कापले गेले असावेत.)

त्या आकड्यावर पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, ड्रायरमधून माल बाहेर काढायचा वेग ठरवत होता. कोरडं दिसलं की जोरात काढायचं. सहा दिवसांनी गोदामातल्या एका म्हाताऱ्या हमालाने मला हाक मारली. दाढेखाली दाणा धरून म्हणाला, “बाबू, दाना दबून राह्यला, तुटत नाही.” वाळलेलं सोयाबीन कट् करून फुटतं, हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. मी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती, आणि हात बाहेर काढला तर आंबूस वास.

मग मात्र मी मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन च्यूटपाशी बसलो. ट्रॉलीचा माल ४० सेकंद यायचा, मग पुढची ट्रॉली लागेपर्यंत २५ सेकंद नुसती हवा. १८ टक्के ४० सेकंद आणि शून्य २५ सेकंद. वहीत मांडा, सरासरी येते ११. इतका देखणा ११ मी आयुष्यात पाहिला नाही! आकडा नाचत होता तेव्हा तो खरं सांगत होता, मी त्याचं तोंड बांधलं.

त्या हमालाला शेठनी पाचशे रुपये दिले. मला काय दिलं ते इथे पोरंबाळं बसली आहेत म्हणून सांगत नाही.

प्राचार्य घड्याळ दाखवून राहिले. बरं, मूळ विषय पटकन.

पहिलं म्हणजे सरासरी कधी घ्यायची ते सेन्सरला सांगा. माल वर चढवणारा एलिव्हेटर चालू आहे एवढ्यावर जाऊ नका, त्याच्या बकेट रिकाम्याही फिरतात. माल असल्याचा सिग्नल इनपुटला द्या, नाहीतर कच्च्या रीडिंगला खालची मर्यादा लावा, आकडा त्याखाली गेला की माल नाही असं धरायचं. माल नसेल तेव्हा शेवटचा आकडा धरून ठेवायचा, त्याला होल्ड म्हणतात. दुसरं, डिले, म्हणजे सरासरी सुरू करण्याआधी थोडं थांबणं. माल सुरू झाला तरी सेन्सरचं तोंड लगेच झाकत नाही. आमच्याकडे ३ सेकंद लागायचे, तुमच्याकडे किती ते तिथे उभं राहून मोजा, कॅटलॉगात सापडणार नाही.

आणि स्मूदिंग! ते १० सेकंद ठेवलं तर खरा बदल आकड्यात १० सेकंदांनी ६३ टक्केच उतरतो, ९५ टक्के उतरायला ३० सेकंद जातात. बेल्ट सेकंदाला १ मीटर पळत असेल तर तेवढ्यात ३० मीटर माल पुढे गेला. त्या आकड्यावर माल वळवणारा पुढचा गेट ६ मीटरवर असेल तर मग काय मोजलं? होल्ड नीट लागला की ३ ते ५ सेकंद आम्हाला पुरायचे. त्यातही आकडा थोडा हलतो, हलू द्या. शेठला वेगळा, संथ आकडा दाखवा, पीएलसीला तो देऊ नका. आणि जुनी सेटिंग वहीत लिहिल्याशिवाय नव्याला हात लावू नका. मी लिहिली नव्हती.

चहा आला वाटतं. टेबलावर जुना सेन्सर आणि बादलीत सोयाबीन ठेवलंय. ती पाणी प्यायला गेलेली पोरं आली का? या, सेन्सरवर दाणे ओता, दुसऱ्याने स्टॉपवॉच धरा.