ताडपत्री कधी टाकायची?

मंडळी, मे महिन्यात निफाड-लासलगावकडे उन्हाळ कांदा काढून शेतात पडलेला असतो, चाळीत भरायचा बाकी असतो आणि मोबाईलवर अंदाज येतो: नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस. आपण दोन दिवस ताडपत्री टाकून बसतो आणि पाऊस पडतो शेजारच्या तालुक्यात. मग 'हवामान खात्याचं काही खरं नाही' म्हणून तिसऱ्या दिवशी कांदा उघडा ठेवतो. मला हा खात्यावर अन्याय वाटतो, आणि नुकसान आपलंच होतं.

वळवाचा ढग जागच्या जागी तयार होतो. समुद्रावरून आलेली दमट हवा तापलेल्या जमिनीवरून दुपारी झपाट्यानं वर चढते. ढग उंचीला दहा-बारा किलोमीटर जातो, रुंदीला मात्र थोडकाच. अशा एका ढगाचं आयुष्य साधारण तासाभराचं. मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही अंदाज काढणारी संगणक प्रणाली नकाशावर ६ किलोमीटरचे चौकोन धरून गणित करते. आधी ते १२ किलोमीटरचे होते. ही मोठीच मजल आहे. तरीही कोणत्या शिवारावर ढग फुटेल, हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून खातं जागा सांगत नाही, प्रमाण सांगतं. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे फार तर २५ टक्के ठिकाणी. चारातली तीन गावं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच ठरतो. पावसाच्या जोराचंही तसंच. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ या २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पडला की तो 'मध्यम'. ४० मिलिमीटर दिवसभर रिपरिपला काय किंवा पाऊण तासात कोसळला काय, वर्गवारीत दोन्ही सारखेच. कांद्याला मात्र ते सारखे नाहीत, आणि वळीव बहुधा दुसऱ्या तऱ्हेनंच येतो.

तेव्हा सकाळचा अंदाज वाचून ताडपत्री बांधावर आणून ठेवा, माणसं हाताशी ठेवा, पण लगेच झाकू नका. भर उन्हात झाकलेला कांदा घामेजतो आणि सडायला लागतो. दुपारनंतर खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा येतो, ज्याला 'नाऊकास्ट' म्हणतात. तो रडारवर आणि उपग्रहाच्या चित्रांत दिसणाऱ्या ढगांवरून दिलेला असतो. आपल्या भागाचं नाव त्यात आलं की झाकायला घ्या.

आणि एक अगदी कळकळीनं सांगतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये ठेवा. ताडपत्री अर्धी राहिली असली तरी सोडा आणि पक्क्या घरात जा, झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास शेतात परतू नका.