लाल कपड्यांतली मुलं

(पडद्यावर १५५८ सालचं लघुचित्र. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हे चित्र उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की साम्राज्याचा सुलतान सुलेमान याच्या दरबारात तयार झालेल्या एका हस्तलिखितातलं. आधी त्या मुलांकडे बघा. सगळ्यांच्या अंगावर लाल कपडे, हातात छोटी गाठोडी. समोर कारकून वही उघडून बसलाय, नावं उतरवून घेतोय. बाजूला पैसे मोजले जातायत. आणि कडेला गावातल्या बाया उभ्या आहेत. त्यांचीच मुलं आहेत ही.

तुर्की भाषेत याला 'देवशिर्मे' म्हणत, म्हणजे गोळा करणं. काही वर्षांच्या अंतरानं सुलतानाचे अधिकारी बाल्कनमधल्या, म्हणजे आग्नेय युरोपातल्या ख्रिस्ती गावांत येत आणि साधारण ४० घरांमागे एक मुलगा घेऊन जात. एकुलता एक असेल तर सोडत. मुलाचं नाव, गाव, आईबाप, अंगावरच्या खुणा, सगळं दोन प्रतींत लिहिलं जाई. वाटेत कुणी पळू नये, कुणाची अदलाबदल होऊ नये, म्हणून ही काळजी. लाल कपडेही त्यासाठीच. त्या वहीला ते 'देफ्तेर' म्हणायचे. आपलं 'दप्तर' हा त्याच मुळाचा शब्द. हिशेब इतका चोख, की वाचताना अंगावर काटा येतो.

पुढे ही मुलं मुसलमान होत, तुर्की शिकत. बरीचशी जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळ फौजेत जात. मोजकी हुशार मुलं राजवाड्यातल्या शाळेत. सुलतानाला जुनी तुर्की घराणी डोईजड व्हायला नको होती. ज्याच्यामागे घराणं नाही, जहागीर नाही, तो माणूस फक्त सुलतानाचा.

बोस्नियातल्या विशेग्राडजवळच्या एका सर्ब घरातला मुलगा असाच नेला गेला. तो १५६५ साली वझीर-ए-आझम, म्हणजे मुख्य वझीर झाला आणि तीन सुलतानांच्या काळात, १५७९ मध्ये खून होईपर्यंत, त्या पदावर राहिला. सोकोल्लू मेहमेद पाशा. पण त्याची माणसं तुटली होती का? १५५७ मध्ये, तो वझीर असताना, पेच नावाच्या गावातलं सर्ब ख्रिस्ती धर्मपीठ पुन्हा सुरू झालं आणि त्यावर बसला त्याच्याच नात्यातला माकारिये.

(पडद्यावर काझीच्या कचेरीच्या जुन्या नोंदवह्या.)

साम्राज्यात ग्रीक होते, आर्मेनियन, अरब, सर्ब, ज्यू होते. १४९२ मध्ये स्पेननं हाकललेल्या ज्यूंना इथे थारा मिळाला. लग्न, वारसा असले वाद ज्यानं त्यानं आपल्या धर्मगुरूंकडे न्यावेत, अशी मोकळीक होती. तरी ख्रिस्ती बाया वारशाचा हिस्सा मागायला काझीकडे येत. वहीत त्यांची नावं आहेत. अर्थात, याला समता म्हणता येणार नाही. बिगरमुसलमानांवर जिझिया होता, आणि मुसलमानाविरुद्ध त्यांची साक्ष काझीपुढे चालत नसे.

(पडद्यावर द्रिना नदी आणि पूल.)

आपल्या गावाजवळ, विशेग्राडला, मेहमेद पाशानं पूल बांधवला. ११ कमानींचा. त्याचा स्थपती सिनान, तोही देवशिर्मेतूनच आलेला. १५७७ च्या सुमारास काम पुरं झालं. पुलाच्या मधोमध उभ्या दगडावर तुर्की लेख कोरलेला आहे. त्यात बांधवणाऱ्याचं नाव आहे, मेहमेद पाशा. आईनं ठेवलेलं नाव त्यात नाही.