जाहिरातीचं खातं कुणाच्या नावावर?

नमस्कार, श्रोतेहो.

तुमचा छोटासा व्यवसाय असेल, तर हा फोन तुम्हाला कधी ना कधी आलाच असेल. "सर, तुमचं नाव गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो. गॅरंटी!" बोलणारा गोड असतो, घाईत असतो आणि त्याची ऑफर आज संध्याकाळपर्यंतच असते. मी काही वर्षं डिजिटल मार्केटिंग एजन्सीत काम केलंय, म्हणून सांगतो, असा फोन खुशाल ठेवून द्या. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनंच लिहून ठेवलंय.

मग या एजन्सी करतात तरी काय? रोज एक रंगीत पोस्ट टाकतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. पोस्ट टाकतातही. पण तुमचा पैसा जिथे वाचतो किंवा बुडतो, ते काम बघायला गेलात तर जांभया येतील.

पहिलं काम नकाशावरच्या नोंदीचं. गूगलवर धंद्याचं नाव शोधलं की बाजूला वेळ, फोन, पत्ता, तारे दिसतात ना, ती नोंद. २०१४ साली ती 'गूगल माय बिझनेस' या नावानं आली, २०२१ पासून तिला 'बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. ही नोंद फुकट आहे, हे आधी लक्षात ठेवा. जवळपासचं काही शोधलं, की कुणाला वर दाखवायचं हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवतं: शोधाशी तुमचा किती संबंध आहे, तुम्ही किती जवळ आहात आणि तुमचं नाव किती प्रसिद्ध आहे. अंतर काही कुणाला कमी करता येत नाही. बाकी दोन्हींवर मात्र काम करता येतं. धंद्याचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो, जुना फोन नंबर चार ठिकाणी पडून असतो, ग्राहकानं तक्रार लिहून वर्ष झालं तरी त्याला उत्तर नसतं. हे सगळं एकेक करून निस्तरायचं. विकतचे अभिप्राय आणून देतो म्हणणारा भेटला, तर त्याला लांब ठेवा. ते गूगलच्या नियमात बसत नाही, पकडले गेले की काढून टाकले जातात, वर तुमची अब्रू जाते ती वेगळीच.

आता जाहिराती. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एक आडवी पट्टी झळकली. इंटरनेटवरच्या अगदी सुरुवातीच्या जाहिरातींपैकी ती एक. पाहणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केलं, असं सांगतात. त्या वेळी ती नवलाई होती. आज शंभरात दोन-चार जणांनी क्लिक केलं, तरी आम्ही एकमेकांना टाळ्या द्यायचो!

गूगलनं २००० साली 'अ‍ॅडवर्ड्स' सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे ३५० जाहिरातदार होते. आज त्यालाच 'गूगल अ‍ॅड्स' म्हणतात. तुम्ही काही शोधलं, की त्या क्षणी जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. गंमत अशी, की या लिलावात सगळ्यात मोठी बोली लावणाराच जिंकतो असं नाही. जाहिरात शोधाला धरून आहे का, लोक तिच्यावर क्लिक करतील का, आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही मोजलं जातं. म्हणजे नेटकी जाहिरात करणारा छोटा माणूस कमी पैशांत एखाद्या बड्या कंपनीच्या वर दिसू शकतो. चांगल्या एजन्सीची खरी कसोटी इथेच लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही वॉशिंग मशीन दुरुस्त करता. 'वॉशिंग मशीन दुरुस्ती' या शब्दांवर जाहिरात लावली. क्लिक आले भरपूर, फोन मात्र दोन. असं का झालं? खात्यात एक अहवाल असतो. लोकांनी नेमकं काय टाइप केलं आणि तुमची जाहिरात दिसली, त्याची यादी. ती उघडायची आणि एकेक ओळ वाचायची. 'वॉशिंग मशीन घरच्या घरी कशी दुरुस्त करावी.' या माणसाला तुम्ही नको आहात. 'वॉशिंग मशीन दुरुस्ती कोर्स.' हा उद्याचा तुमचा स्पर्धक. 'वॉशिंग मशीन दुरुस्ती नोकरी.' हा तुमच्याकडे काम मागायला येणार. 'जुनी वॉशिंग मशीन विकणे.' या प्रत्येक क्लिकचे पैसे तुमच्या खिशातून गेले. मग 'घरच्या घरी', 'कोर्स', 'नोकरी', 'विकणे' हे शब्द नकारात्मक यादीत टाकायचे, म्हणजे ते असलेल्या शोधांना तुमची जाहिरात दिसत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा यादी, पुन्हा चाळण. तुमच्या एजन्सीला एकदा विचारून बघा, "ही यादी शेवटची कधी वाचलीत?" उत्तर द्यायला किती वेळ लागतो, त्यावरून बरंच कळतं.

शोधात जाहिरातीशिवाय वर यायचं, त्याला एसईओ म्हणतात. तिथे धीर धरावा लागतो. परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलचंच म्हणणं आहे. पंधरा दिवसांत करून देणारा काय करून देईल, ते तुम्हीच ओळखा.

पैशांचं बोलायचं तर काही एजन्सी महिन्याला ठरावीक रक्कम घेतात, काही तुमच्या जाहिरातखर्चाचे टक्के घेतात. टक्क्यांत एक मेख आहे. तुम्ही जितका जास्त खर्च कराल, तितकी त्यांची कमाई वाढते. सगळेच त्याचा गैरफायदा घेतात असं मी म्हणत नाही, पण "बजेट वाढवा" असा सल्ला आला, की कारण जरूर विचारा.

आणि शीर्षकातला प्रश्न. आमच्याकडे एकदा एक गृहस्थ आले. आधीच्या एजन्सीशी त्यांचं बिनसलं होतं. जाहिरातीचं खातं त्या एजन्सीनं स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं, नकाशावरची नोंदही त्यांच्याच ताब्यात. तीन वर्षांत कुठले शब्द चालले, कुठले बुडाले, ती सगळी माहिती तिकडेच राहिली. आम्ही शून्यापासून सुरुवात केली आणि तेच धडे त्यांनी पुन्हा पैसे मोजून गिरवले. खरं तर एजन्सीला तुमचं खातं स्वतःच्या नावावर घ्यायची गरजच नसते. खातं तुमच्या ईमेलवर उघडायचं आणि त्यांना फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यायचा. पटलं नाही, तर एका मिनिटात तो काढून घेता येतो.

महिनाअखेरीला अहवाल येतो, त्यात 'इंप्रेशन्स' नावाचा भलामोठा आकडा असतो. त्याचा अर्थ एवढाच, की जाहिरात इतक्या वेळा दिसली. तो आकडा बाजूला ठेवा आणि विचारा, फोन किती आले? त्या गृहस्थांच्या पहिल्या महिन्याची नोंद आम्ही अशीच काढली. जाहिरातीवरून आलेले बरेचसे फोन संध्याकाळी सातनंतरचे निघाले. सातला त्यांचं काम बंद व्हायचं, फोन टेबलावर वाजत राहायचा. आम्ही जाहिरातीची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सात अशी बांधून दिली. त्यांनी ती तशी ठेवली नाही. रात्री नऊपर्यंत फोन घ्यायला आपल्या मुलीला बसवलं आणि आम्हाला कळवलं, "वेळ पुन्हा वाढवा."

नमस्कार.